रॅमचं व्होल्टेज आणि टायमिंग : घरी जुळवलेला पीसी स्थिर कसा करावा

आईच्या पंचाहत्तरीचे फोटो मी कॅमेऱ्याच्या कार्डावरून पीसीवर घेतले आणि कार्ड पुसून भाच्याला परत दिलं. आठवड्याभराने अल्बमसाठी फोटो निवडायला बसलो, तर औक्षणाच्या फोटोचा खालचा अर्धा भाग करडा दिसला. आणखी काही फोटोंवर हिरवे-जांभळे पट्टे होते. पहिला संशय हार्ड डिस्कवर गेला, पण तपासल्यावर ती धडधाकट निघाली. दोष रॅमच्या सेटिंगमध्ये होता. कार्डावरून डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल वाटेत रॅममध्ये टेकते. तिथे एक बिट उलटला, तर जेपेगसारख्या आवळून बांधलेल्या फाइलमध्ये त्या जागेपासून पुढचं सगळं चित्र बिघडू शकतं.

त्या आठवड्यात पीसी एकदाही बंद पडला नव्हता. पडला असता तर मी कार्ड पुसलं नसतं. म्हणून मला अर्धवट स्थिर पीसीची भीती साफ बंद पडणाऱ्या पीसीपेक्षा जास्त वाटते, आणि म्हणूनच हा लेख वेग वाढवण्यासाठी लिहिलेला नाही. तुमची रॅम ज्या वेगाला विश्वासू आहे तो वेग शोधायचा आणि तिथे थांबायचं, एवढंच यात आहे.

माझा पीसी मी २०२२ मध्ये जुळवला. रायझन ५ ५६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० स्टिक. दोन वर्षं काही तक्रार नव्हती. मग व्हिडिओ एडिटिंगसाठी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीच्या एका फेरीत, तशाच दिसणाऱ्या आणखी दोन स्टिक आणल्या. लेबल तेच, वेग तोच, वर छापलेलं टायमिंगही तेच. आतल्या चिप मात्र वेगळ्या होत्या. एकाच नावाच्या रॅममध्ये काळाप्रमाणे चिप बदलतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळं तिथून सुरू झालं.

आधी बॅकअप, मग बाकी सगळं

रॅमची सेटिंग बदलताना विंडोज बिघडू शकतं, फाइली बिघडू शकतात. त्यामुळे महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. मात्र तो याच पीसीवरून कॉपी करत असाल तर आधी बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात) जाऊन सगळं डीफॉल्टवर आणा, नाहीतर बॅकअपच नासका निघायचा. जमलं तर चाचण्या चालू असेपर्यंत डेटाच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. मी त्या काढून कपाटात ठेवल्या होत्या.

एक वही घ्या. प्रत्येक बदल, तारीख, व्होल्टेज, चाचणी किती वेळ चालली, कितव्या मिनिटाला चूक आली, हे सगळं लिहा. तिसऱ्या दिवशी तुम्हाला परवाचं काही आठवणार नाही.

विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज स्वतःच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. रॅमच्या चुकीने ती अवस्था बिघडलेली असेल, तर सेटिंग सुधारल्यावरही जुना गोंधळ परत येतो आणि तुम्ही चांगल्या सेटिंगला दोष देत बसता.

खरंच रॅमच आहे का?

रॅमच्या बिघाडाची खूण म्हणजे त्यात सूत्र सापडत नाही. आज ब्लू स्क्रीनवर ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, परवा आणखी तिसरंच. ब्राउझरचे टॅब मरतात. झिप फाइल उघडताना कधी सीआरसीची, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का या पडताळणीची, चूक येते, आणि तीच फाइल दुसऱ्यांदा नीट उघडते. गेम काही न सांगता डेस्कटॉपवर फेकून देतो.

याउलट ग्राफिक्स कार्डवर ताण आला की पीसी दिवा विझावा तसा विझत असेल, तर आधी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि तापमान पाहा. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक लगेच एसएमपीएस बदलायला निघतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की पीसी रीतसर बंद न होता बंद झाला. कारण ती सांगत नाही.

सगळ्यात सोपी परीक्षा अशी: बायॉसमध्ये एक्सएमपी (स्टिकवर कंपनीने नोंदवून ठेवलेलं जास्त वेगाचं सेटिंग) बंद करा आणि दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. इंटेलच्या बोर्डवर ‘एक्सएमपी’, एएमडीच्या डीडीआर४ बोर्डवर कुठे ‘एक्सएमपी’ तर कुठे ‘डीओसीपी’, आणि एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर ‘एक्स्पो’ असं नाव दिसेल. बंद केल्यावर रॅम जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेल्या साध्या वेगावर आणि साध्या व्होल्टेजवर येते. डीडीआर४ साठी ते १.२ व्होल्ट असतं, डीडीआर५ साठी १.१. त्रास थांबला, तर या लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. थांबला नाही, तर स्टिक, स्लॉट किंवा आणखी काही बिघडलेलं आहे, आणि ते टायमिंगने दुरुस्त होणार नाही.

हाताने करायची तपासणी

पीसी बंद करा, एसएमपीएसचं बटण बंद करा, प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मग स्टिक काढा.

सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासायची पद्धत सर्रास दिसते. मी ती सोडली. तो मुलामा फार पातळ असतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड पुरतं. स्लॉटमधली धूळ हवेने उडवा. बाल्कनीच्या दाराजवळ पीसी असेल, तर पावसाळ्यानंतर ही सफाई करणं बरं.

दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बहुतेक बोर्डांवर त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये बसवल्या तर तारेचा उरलेला तुकडा मोकळा लोंबकळतो आणि त्यावरून सिग्नल परावर्तित होऊन परत येतो. साध्या वेगाला हे खपतं, पण वेग वाढला की चुका सुरू होतात. स्टिक ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. काही बोर्डांवर खिटी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं टोक पूर्ण बसलं की नाही ते वाकून पाहा.

कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले, तर सॉकेटमधल्या पिनांवर दाब असमान पडतो आणि रॅमचं एखादं चॅनेलच (प्रोसेसरपर्यंतचा मार्ग) गायब होऊ शकतं. चारही स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे.

आता एक्सएमपी बंद ठेवूनच एकेका स्टिकची परीक्षा घ्या. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून पीसी सुरू करा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात आणि एका स्टिकला तेवढ्या पुरतात. इथे एकही चूक चालत नाही. चूक आली तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब, स्लॉटपाशीच राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. साध्या वेगाला चूक करणारी स्टिक वॉरंटीत बदलून घ्या. तिला जास्त व्होल्टेज पाजून चालवत राहू नका. बिलावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्यायची सवय इथे उपयोगी पडते. तपकीर गल्लीत घाईच्या वेळी गेलात तरी तेवढा आग्रह धराच.

१६-१८-१८-३८ म्हणजे काय

रॅमची प्रत्येक चिप म्हणजे मार्केट यार्डातल्या गाळ्यांची रांग समजा. माल आत आहे, पण शटर बंद आहे. हमालाला शटर वर करून आत शिरायला लागणारा वेळ म्हणजे टी-आरसीडी, दुसरा आकडा. आत गेल्यावर नेमकं पोतं काढून हाती द्यायला लागणारा वेळ म्हणजे सीएल, पहिला आकडा. त्या गाळ्याचं काम संपवून शटर खाली ओढायला लागतो तो टी-आरपी, तिसरा. आणि एकदा उघडलेलं शटर किमान किती वेळ उघडं ठेवायचं तो टी-आरएएस, चौथा. हमालाला त्याच्या ताकदीपेक्षा कमी वेळ दिलात तर तो चुकीचं पोतं आणतो, पण आणतो नक्की. रॅमचं नेमकं हेच होतं. ती ‘जमलं नाही’ असं सांगत नाही, चुकीचा आकडा हातात ठेवते.

पाचवा एक आकडा पाकिटावर छापत नाहीत, पण स्थिरतेसाठी तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: टी-आरएफसी. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा भार, आणि तो सतत गळत असतो. डीडीआर४ मध्ये सरासरी ७.८ मायक्रोसेकंदांनी एकदा सगळं काम थांबवून काही ओळी पुन्हा भरून घ्याव्या लागतात. त्या भरण्याला जो वेळ देतो तो टी-आरएफसी. तो कमी पडला तर भार अर्धवट भरतो. चिप गरम असेल तर गळती आणखी वाढते. म्हणूनच जानेवारीत निर्धोक चाललेलं सेटिंग एप्रिलमध्ये, पुण्याचा पारा चाळिशीला टेकल्यावर, दगा देऊ शकतं.

हे सगळे आकडे घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेले असतात, वेळेत नाही. हे नीट समजलं की निम्मं काम झालं. डीडीआर४-३२०० चं खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं. म्हणजे एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा, आणि १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८ घेतला तरी तेच १० येतात. आता वेग २९३३ वर आणा आणि सीएल १६ च ठेवा: ठोका ०.६८२ नॅनोसेकंदांचा होतो आणि १६ ठोक्यांना जवळपास १०.९ नॅनोसेकंद मिळतात. एकाही टायमिंगला हात न लावता हमालाला जास्त वेळ मिळाला. म्हणून माझ्या क्रमात वेग उतरवणं आधी येतं आणि व्होल्टेज नंतर.

टी-आरएफसीचा हिशेबही असाच. जेडेकप्रमाणे ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपला ३५० नॅनोसेकंद लागतात, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. ३२०० च्या वेगाला ते अनुक्रमे ५६० आणि ८८० ठोके होतात. बहुतेक चिप यापेक्षा कमी वेळात काम उरकतात, आणि एक्सएमपीत अनेकदा तेवढाच कमी आकडा लिहिलेला असतो. पण अडचणीच्या वेळी परतायचं सुरक्षित ठिकाण हेच.

सध्याचे आकडे पाहायला सीपीयू-झेडमधला ‘मेमरी’ टॅब, एएमडीवर झेनटायमिंग्ज आणि प्रत्यक्ष व्होल्टेज-तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो वापरा. सगळे वहीत उतरवा.

एक्सएमपीने नेमकं काय कबूल केलंय?

माझी मोठी चूक इथे होती. पाकिटावर ३२०० लिहिलंय म्हणजे माझ्या पीसीत ३२०० चालणारच, असं मी धरून चाललो. एक्सएमपीचा शब्द त्या पाकिटातल्या स्टिकपुरता असतो. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्डावरच्या तारा आणि नंतर आणून लावलेली दुसरी जोडी, यांच्याबद्दल त्याने काहीच कबूल केलेलं नसतं.

एएमडीचे स्वतःचे आकडे पाहिले आणि मला उलगडा झाला. रायझन ५००० साठी दोन स्टिकना ३२००, पण चार सिंगल-रँक (चिपचा एकच गट असलेल्या) स्टिकना २९३३, आणि चार ड्युअल-रँक (दोन गट असलेल्या) स्टिकना २६६७. डीडीआर५ वर तर दरी आणखी मोठी आहे: रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२००, चार स्टिकवर ३६००. म्हणजे मी चार स्टिकवर ३२०० मागत होतो तेव्हा प्रोसेसरच्या हमीच्या पलीकडेच होतो. दुकानदाराने फसवलं नव्हतं आणि रॅमही खोटी नव्हती. माझी मागणी जास्त होती.

यावरून एक सल्ला. रॅम वाढवायची असेल तर जुन्या दोन विकून मोठ्या क्षमतेची दोन स्टिकची एकच जोडी घ्या. चार स्टिकचा आग्रह असेल तर चारही एकाच पाकिटातल्या घ्या.

बदलांचा क्रम

एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी. दोन बदल एकदम केलेत आणि पीसी स्थिर झाला, तर कशाने झाला ते कळणार नाही. मग दुसरा निष्कारण बदल कायमचा पदरात राहतो.

पहिली पायरी, कमांड रेट, म्हणजे रॅमला आज्ञा द्यायला किती ठोके घ्यायचे तो आकडा. तो १टी असेल तर २टी करा. एएमडीच्या डीडीआर४ बोर्डवर ‘गिअर डाउन मोड’ (आज्ञा घेण्याचा वेग निम्मा करणारी सोय) चालू ठेवा. तो चालू असताना विषम सीएल चालत नाही, १५ दिलात तरी १६ होतो, हे लक्षात असू द्या. यात वेगाचं नुकसान अगदी किरकोळ असतं, आणि चार स्टिक असताना आधार मोठा मिळतो.

दुसरी पायरी, वेग. ३२०० वरून ३१३३, ३०६६, ३०००, २९३३ असं एकेक पाऊल खाली या. टायमिंग तीच ठेवा, पण ऑटोवर सोडू नका, हाताने लिहा. रायझनवर इन्फिनिटी फॅब्रिकचं (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या दुव्याचं) घड्याळ रॅमच्या आकड्याच्या निम्मं असावं: ३२०० ला १६००, २९३३ ला १४६७. बोर्ड बहुधा आपोआप करतो, पण झेनटायमिंग्जमध्ये खात्री करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी १९ क्रमांकाने येत असतील आणि रॅमच्या चाचण्या मात्र स्वच्छ असतील, तर संशय रॅमपेक्षा फॅब्रिकवर घ्या.

तिसरी, टायमिंग सैल करणं. आधी टी-आरएफसी वर सांगितलेल्या सुरक्षित आकड्यावर न्या. मग टी-आरसीडी आणि टी-आरपी दोन-दोनने वाढवा, नंतर सीएल. १६-१८-१८-३८ चं १६-२०-२०-४० आणि मग १८-२०-२०-४२, अशी उतरण ठेवा. टी-आरसी म्हणजे टी-आरएएस आणि टी-आरपी यांची बेरीज. ती बेरजेपेक्षा कमी ठेवू नका.

चौथी, रॅमचं व्होल्टेज. डीडीआर४ च्या बहुतेक एक्सएमपी स्टिक १.३५ व्होल्टवर चालतात. तिथून ०.०१ च्या पावलाने वर जा: १.३६, १.३७. मी १.३५ च्या स्टिकला १.४० च्या वर नेत नाही. बाजारात मुळातच १.४५ ला विकल्या जाणाऱ्या स्टिक आहेत हे खरं, पण त्या तशा निवडून घेतलेल्या चिप असतात, आणि त्यांच्यावरचे धातूचे पत्रे नुसते शोभेचे नसतात. प्रत्येक चिप व्होल्टेजला दाद देईलच असंही नाही. काहींचा सीएल सुधारतो, टी-आरसीडी जागचा हलत नाही. आणि व्होल्टेज वाढवल्यावर चुका वाढल्या तर चकित होऊ नका. उष्णता वाढली, गळती वाढली, इतकं ते सरळ आहे. अशा वेळी एक पाऊल मागे या आणि कॅबिनेटचा पुढचा पंखा तपासा. बायॉसमध्ये लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा आकडा यांत थोडा फरक असू शकतो. बोर्डवर सेन्सर असेल तर एचडब्ल्यूइन्फोत तो दिसेल.

पाचवी, मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज. चार स्टिक असताना खरी दमछाक कंट्रोलरची होते. एएमडीवर याला ‘एसओसी व्होल्टेज’ म्हणतात. एएम४ वर (रायझन ५००० पर्यंतचं सॉकेट) १.० ते १.१ व्होल्टमध्ये बहुतेकांचं भागतं, आणि १.१५ ओलांडायची वेळ आली तर मी सरळ वेग उतरवतो. एएम५ वर (रायझन ७००० पासूनचं सॉकेट) मर्यादा १.३ ची आहे आणि ती गांभीर्याने घ्या: २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने बायॉसच्या अपडेटमधून ही कमाल मर्यादा घातली. त्यापूर्वीचा बायॉस अजून वापरत असाल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तो अपडेट करा. इंटेलवर याच कामाचं नाव ‘सिस्टिम एजंट व्होल्टेज’. काही बोर्ड ऑटोवर ते गरजेपेक्षा जास्त देतात, म्हणून एकदा पाहून घ्या. बाराव्या पिढीच्या ‘के’ नसलेल्या प्रोसेसरवर ते बदलताच येत नाही. तिथे वेग उतरवणं किंवा ‘गिअर २’ (कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगाने चालवणं) हाच मार्ग.

पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका. बहुतेक बोर्ड दोन-चार वेळा स्वतः प्रयत्न करून डीफॉल्टवर येतात. न आल्यास प्लग काढून बोर्डवरचा ‘क्लिअर सीमॉस’चा जंपर वापरा, किंवा सीआर२०३२ ची गोल बॅटरी काढून थोड्या वेळाने परत लावा.

डीडीआर५ असेल तर

आमच्या सोसायटीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा नवा पीसी जुळवून रात्री साडेदहाला दारात उभा.

“काका, पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळीच. बोर्ड गेला वाटतं.”

“किती वेळ थांबलास?”

“अर्धा मिनिट. दोन-तीनदा बंद-चालू केलं.”

वर जाऊन सुरू केला आणि दोघं गप्प बसून राहिलो. काही मिनिटांनी स्क्रीन आली. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना कंट्रोलर प्रत्येक तारेचा ताळमेळ बसवतो. त्याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात आणि त्यात मिनिटं जातात. मध्येच बंद केलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. टायमिंग बदललंत की पुन्हा तेच. धीर धरा.

डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच असते, त्यामुळे तिथली उष्णता जास्त आणि हवेची गरजही जास्त. दुसरी गोष्ट, डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या आत स्वतःची छोटी चूक-दुरुस्ती असते. ती चिपमधला एखादा उलटलेला बिट दुरुस्त करते, पण चिप ते प्रोसेसर या प्रवासातल्या चुका तिला दिसत नाहीत. सर्व्हरमधल्या, चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसी रॅमची जागा ती घेत नाही. उलट, काठावरचं सेटिंग काही काळ झाकून ठेवते. म्हणून डीडीआर५ ची चाचणी डीडीआर४ पेक्षा लांब घ्या.

चाचणी : वेळ द्या, आणि दुपारी घ्या

माझा क्रम असा. बदल केल्यावर मेमटेस्ट८६ ची एक फेरी, म्हणजे विंडोज बिघडवण्याआधीच ढोबळ चूक सापडते. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ हा रॅमच्या चाचणीचा प्रोग्राम तासभर. ते पास झालं तर रात्रभर मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या. त्यानंतर ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर यांपैकी पीसीवर ताण टाकणारा एखादा प्रोग्राम, आणि सोबत ग्राफिक्स कार्डवर भार टाकून आणखी दोन तास, कारण ग्राफिक्स कार्डची गरम हवा वर येते ती थेट रॅमवर. रॅमला सेन्सर असेल तर मी तापमान ५० अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करतो.

ही शेवटची चाचणी दुपारी दोन ते चार घ्या, खोलीतला एसी बंद ठेवून. रात्री दहाला, खिडकीतून गार वारा येताना पास झालेली चाचणी मी मोजतच नाही.

एवढं झाल्यावर पीसी पूर्ण बंद करून, एसएमपीएसचं बटणही बंद करून, दहा-पंधरा मिनिटांनी सुरू करा. असं पाच वेळा. प्रत्येक सुरुवातीला ताळमेळ थोडा वेगळा बसतो, आणि काठावरचं सेटिंग चार वेळा चालून पाचव्या वेळी पडतं. माझं ३०६६ चं सेटिंग रात्रभर स्वच्छ चाललं आणि थंड सुरुवातीच्या चौथ्या खेपेला टेस्टमेम५ ने नवव्या मिनिटाला चूक दाखवली. वहीत ते पान लाल शाईने भरलं आहे.

माझं शेवटी ठरलं ते: २९३३, १६-१८-१८-३८, २टी, टी-आरएफसी ५२० म्हणजे साधारण ३५५ नॅनोसेकंद, रॅम १.३७ व्होल्ट, एसओसी १.०८ व्होल्ट. कागदावर वेगाचे आठेक टक्के गेले. एडिटिंग करताना ते मला कुठेही जाणवलेले नाहीत.

स्थिर झाल्यावर

आधीच्या अस्थिर दिवसांत विंडोजच्या फाइली बिघडल्या असण्याची शक्यता असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी ‘डिझम’ची रिस्टोअर हेल्थ आज्ञा, मग ‘एसएफसी स्कॅन नाऊ’ चालवा. पुन्हा-पुन्हा दुरुस्त्या निघत असतील तर विंडोज नव्याने टाका. मी टाकलं. त्या काळात कॉपी केलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची मूळ प्रत जिथे शिल्लक आहे, तिथून ती पुन्हा आणा. औक्षणाचा तो फोटो मामेभावाच्या मोबाइलवर निघाला. त्याने दुसऱ्या कोनातून काढला होता.

सेटिंग बायॉसच्या प्रोफाइलमध्ये साठवा, पण त्यावर विसंबू नका. बायॉस अपडेट केला की प्रोफाइल बहुधा पुसलं जातं. आणि अपडेट करायचा झाला तर गुरुवार टाळा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक त्याच दिवशी, आणि बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्डच हातचा जाऊ शकतो. यूपीएस असेल तर त्यावर लावूनच करा.

माझ्याकडे सगळे आकडे एका कार्डावर लिहिलेले आहेत आणि ते कार्ड कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. खाली तारीख आणि त्या दुपारचं खोलीतलं तापमान: १६ मे, ३७ अंश.